शाळा १८ ला संपते, मग मंगळवारी सकाळी दहाला तो काय करणार?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की शाळेत १४ ते १८ वयाची पाच डेफब्लाइंड मुलं आहेत, म्हणजे ऐकणं आणि दिसणं दोन्ही नाही किंवा फार कमी, संस्थेने सांगितलंय जूनपासून ट्रान्झिशन प्रोग्राम, म्हणजे शाळेनंतरच्या आयुष्याची तयारी, सुरू करा, आणि तुम्ही टाइमटेबल बनवलंय, सकाळी कागदी पिशव्या, मग मेणबत्त्या, दुपारी फाइली, शुक्रवारी स्वयंपाक आणि महिन्यातून एकदा पालकसभा. आता यात अजून काय घालू असं विचारताय. मी २२ वर्षं याच मुलांमध्ये आहे म्हणून जरा स्पष्ट बोलते, राग मानू नका. घालायचं काय ते नंतर बघू, आधी ते टाइमटेबल ड्रॉवरमध्ये ठेवा.

त्याऐवजी एक वही घ्या. प्रत्येक मुलाच्या नावाने एक पान, आणि त्यावर फक्त एवढंच लिहा की याच्याशी कोण कोण बोलू शकतं. बोलू शकतं म्हणजे 'जेव, चल, बस' नव्हे हां. 'आज बाबा उशिरा येणारेत', 'आपण आत्याकडे चाललोय, दोन रात्री राहायचंय' एवढं त्याला कळेल असं सांगू शकणारी माणसं, आणि त्याने हातातून काही सांगितलं तर ते ज्यांना कळतं अशी माणसं. मी पैज लावते, पानावर तुम्ही, अजून एखादी टीचर, शाळेतल्या मावशी आणि घरातून आई एवढेच येतील, आणि आई पण अर्धीच. म्हणजे शाळा सुटली की या मुलाची चारपैकी तीन माणसं एका दिवसात जाणार. बाकी कितीही पिशव्या चिकटवायला शिकला तरी.

हे मी पुस्तकातून सांगत नाहीये. सुरुवातीच्या वर्षांत आमच्याकडे एक मुलगा होता, जन्मापासून ऐकू येत नाही आणि दिसतं ते फक्त उजेड-अंधार एवढं. कामात इतका हुशार की नट-बोल्टचं पॅकिंग आमच्यापेक्षा भरभर करायचा, पाहुणे आले की आम्ही कौतुकाने त्यालाच दाखवायचो. १८ पूर्ण झाली, आम्ही निरोप समारंभ केला, शाल, नारळ, फोटो, पेढे. त्याला काय कळलं असेल त्यातलं? पेढा कळला. पुढच्या सोमवारी तो सकाळी आंघोळ करून दप्तर पाठीला लावून दारात उभा राहिला. मंगळवारी पण. आईला सहा-सात खुणा यायच्या, त्यात 'शाळा संपली' ही खूण नव्हती, आणि असती तरी संपली म्हणजे काय हे त्याला आम्ही कधी शिकवलंच नव्हतं. तीन आठवडे तो उभा राहिला, मग दार बडवायला लागला, मग स्वतःचं डोकं. आठेक महिन्यांनी मी घरी गेले तेव्हा तो दिवसा झोपायचा आणि रात्रभर जागा असायचा. मी हातात हात दिला तर मिनिटभर माझी बांगडी चाचपली आणि मग 'दप्तर' ही खूण केली. त्या घरातून मी कशी बाहेर आले मलाच माहीत. तेव्हापासून मी निरोप समारंभ करत नाही, आणि प्लॅन १४ व्या वर्षी सुरू करते.

तर पहिलं काम हातांचं. म्हणजे त्याच्याशी बोलणारे हात वाढवायचे. यासाठी दिवाळीच्या सुट्टीत पालकांचं तीन दिवसांचं शिबिर घेतात ना, त्याने काही होत नाही, १०० खुणा दाखवतात आणि घरी जाईपर्यंत ९० विसरतात. मी काय करते, घरातलं एक माणूस आणि एक काम अशी जोडी लावते. वडील आणि दाढी. काकू आणि संध्याकाळचा चहा. भाऊ आणि कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जाणं. त्या कामापुरत्या बारा-पंधरा खुणा त्या माणसाने शिकायच्या आणि ते काम रोज त्यानेच करायचं, आईने मध्ये यायचं नाही. (आया मध्ये येतातच. त्यांना त्या वेळी भाजी आणायला पाठवा.) दाढी करताकरता बाप पाणी, गरम, साबण, थांब, झालं, अजून, दुखलं, आरसा नको टॉवेल दे, असं बोलायला लागतो आणि दोन महिन्यांत तुम्हाला न विचारता नवीन खुणा स्वतः बनवायला लागतो, तिथे समजायचं की जमलं.

आणि प्रत्येक माणसाची एक ओळखखूण पक्की करा. माझी बांगडी, वडिलांची मिशी, आजीची कुडी, काय वाट्टेल ते, पण दरवेळी तेच, आणि जवळ आल्या आल्या आधी तेच त्याच्या हाताला लावायचं. न सांगता कोणीतरी अंगाला हात लावतं आणि ओढून नेतं, आयुष्यभर हे सोसणारं मूल बिथरणार नाही तर काय. हात धरून करवून घेण्याची आपल्याला फार सवय असते, त्याच्या हातावर आपला हात आणि दाब देऊन. उलटं करा, आपला हात खाली, त्याचा वर, म्हणजे त्याला नको असेल तर तो हात काढून घेऊ शकतो. हे मी पुढे शरीराबद्दल बोलणार आहे तिथे परत लागणार आहे.

दुसरं, मंगळवार. भविष्य, स्वप्न, ध्येय असले शब्द पालकांपुढे टाकले की ते गप्प होतात नाहीतर रडतात. त्यापेक्षा एक मोठा कागद घ्या आणि शाळा सुटल्यानंतरचा एक साधा मंगळवार सकाळी सहापासून रात्री दहापर्यंत तासातासाने लिहा. सोमवार नको, रविवार नको. कोण उठवणार, आई कामाला जाते तर साडेनऊनंतर घरी कोण, अकरा ते एक काय, जेवण कोण वाढणार, दुपारी काय. रिकामे तास लाल पेन्सिलने रंगवा. पहिल्या वेळी बहुतेक घरांत साताठ तास लाल निघतात आणि तेच तुमच्या प्रोग्रामचं खरं काम, पुढच्या चार वर्षांत ते लाल तास एकेक करून भरायचे.

ही मिटिंग शाळेत घेऊ नका, घरी घ्या, सतरंजीवर बसून, आणि मुलगा तिथे हवा. त्याला काय कळणार असं सगळे म्हणतात. अहो, त्याच्याबद्दल बोलणं चाललंय तर त्याचा हात कोणाच्या तरी हातात असू दे आणि जेवढं सांगता येईल तेवढं सांगा. त्याचं मत घ्यायचं तर वस्तूंमधून घ्या, त्याला आवडणाऱ्या आणि न आवडणाऱ्या वस्तू दोन टोपल्यांत, आणि आधीच्या महिन्यात मोबाइलवर काढलेले मिनिट-मिनिटाचे व्हिडिओ, तो कशात रमतो, कशाला वैतागतो. नातेवाईक सोडून दोघं-तिघं बाहेरचे बोलवा, किराणावाले काका, रोजचा रिक्षावाला, शेजारच्या ताई. आमच्या एका मिटिंगमध्ये सगळ्यात कामाचं रिक्षावालाच बोलला होता, म्हणाला मॅडम त्याला रिक्षा सुरू झाल्यावर हसू येतं, बंद केली की उतरत नाही.

त्यावरूनच आम्ही त्या मुलाचं काम शोधलं. त्याला कंपन आवडतं. गावात पिठाची गिरणी होती. आता गिरणी म्हटल्यावर आईच्या पोटात गोळा आला, साहजिक आहे, पट्टा असतो, मोटार असते. पण मशीनपासून चांगली लांब भिंतीला लागून एक जाड लाकडी फळी आहे जिला गिरणीची थरथर येते, तिथे बसून तो पिठाच्या पिशव्यांची तोंडं बांधतो आणि डबे पुसतो, त्याच्या आणि पट्ट्याच्या मध्ये मालकाने जाळी बसवून घेतली. सुरुवातीला आठवड्यातून एक दिवस, अर्धा तास, मी शेजारी बसून. मग दोन दिवस. शाळा सुटायच्या आधीच्या दीड वर्षात तो चार दिवस गिरणीत आणि एक दिवस शाळेत असा उलटा झाला होता, शाळा सुटली तेव्हा फक्त एक दिवस सुटला. दप्तर घेऊन कोणी दारात उभं राहिलं नाही.

म्हणून पिशव्या-मेणबत्त्यांवर माझा राग आहे. पाचही मुलांना एकच काम, ते पण संस्थेला सोयीचं म्हणून, आणि शाळेबाहेर त्याचं गिऱ्हाईक कोणी नाही. उलट कोणाच्या घरी शेळ्या आहेत, कोणाच्या आईची खानावळ आहे, कोणाच्या मामाची रोपवाटिका. खानावळीत कोथिंबीर निवडणं, लसूण सोलणं, ताटं पुसणं ही खरी कामं आहेत आणि नाकाला-हाताला कळणारी आहेत. रोपवाटिकेत पिशव्यांत माती भरणं. कामाचा शेवट मात्र हाताला लागला पाहिजे. डावीकडे भरलेली टोपली, उजवीकडे रिकामी, डावीकडची संपली की काम संपलं, घड्याळ त्याला दाखवू शकत नाही ना आपण. आणि पैसे त्याच्या हातात द्या, थोडे का होईना. नोटांची लांबी वेगवेगळी असते ती बोटाने ओळखायला शिकवा आणि त्याच दिवशी त्याच पैशाने त्याला जे आवडतं ते घेऊ द्या, महिन्याच्या शेवटी पगार ही कल्पना नंतर.

दिवसाचा क्रम कळायला शाळेत तुम्ही कॅलेंडर बॉक्स वापरत असालच, पुढे काय करायचं ते सांगणाऱ्या वस्तू ओळीने कप्प्यांत, टॉवेल, चमचा, दोरी असं. तो बॉक्स शाळेतच राहतो ही सगळ्यात मोठी चूक! १६ व्या वर्षी त्याचा जुळा बॉक्स घरी गेला पाहिजे आणि 'संपलं'चा कप्पा त्यात पक्का हवा, कारण माणूस गेला, जागा बदलली, शाळा सुटली, हे सगळं त्याला त्या कप्प्यातूनच कळणार आहे.

आता तुमच्या पाचांपैकी एकाबद्दल तुम्ही ओझरतं लिहिलंय की तो आधी कर्णबधिरांच्या शाळेत होता, साइन लँग्वेज चांगली आहे आणि आता संध्याकाळी ठेचकाळतो. त्याला या चौघांच्या गटात घालू नका. बहुतेक हे अशर सिंड्रोम असणार, जन्मतः बहिरेपण आणि नंतर रेटिना, म्हणजे डोळ्याचा आतला पडदा, हळूहळू जात जाते, आधी रात्रीचं दिसेनासं होतं, मग कडेचं, शेवटी नळीतून बघितल्यासारखं मधलं तेवढं उरतं. अशा बऱ्याच जणांचा तोलही कच्चा असतो म्हणून पडतात आणि घरचे म्हणतात धांदरट आहे. पहिलं म्हणजे रेटिनाच्या डॉक्टरकडे पाठवा. दुसरं, त्याला खरं सांगा. घरचे लपवतात, मी किती घरं बघितली, मुलगा १७ वर्षांचा, रात्री बाइक चालवतोय आणि आईबापाला रिपोर्ट माहितीये पण 'त्याला धक्का बसेल' म्हणून सांगितलं नाही. आणि पुढे मुलीकडच्यांनाही सांगत नाहीत. सांगताना त्याच्या भाषेत सांगा, साइनमध्ये, वेळ घेऊन, आणि शक्यतो एखाद्या मोठ्या डेफब्लाइंड माणसाशी भेट घालून द्या जो नोकरी करतो, प्रवास करतो. मुंबईत हेलन केलर इन्स्टिट्यूट फॉर डेफ अँड डेफब्लाइंड १९७७ पासून आहे, अहमदाबादची सेन्स इंडिया १९९७ पासून देशभर काम करते, अशा ठिकाणी विचारलं तर भेट जुळवून देतात. या मुलाचा ट्रान्झिशन प्लॅन म्हणजे दिसतंय तोवर ब्रेल, काठी, हातात हात घेऊन साइन वाचायची सवय, ब्रेल डिस्प्लेवर (बोटाखाली ब्रेल उमटवणारं यंत्र) मोबाइल वापरणं आणि शिक्षण अजिबात न सोडणं. साइन न येणाऱ्यांसाठी तळहातावर बोटाने देवनागरी अक्षरं काढायची सवय लावा, बँकेतला क्लार्क पण दोन मिनिटांत शिकतो ते. सरकारी नोकरीतल्या ४ टक्के आरक्षणात बहुविकलांग, त्यात डेफब्लाइंड आलेच, बाकी काही गटांबरोबर मिळून १ टक्का आहे, तो दरवाजा याच्यासाठी खरा आहे. बाकी चौघांच्या पालकांना मात्र त्या आशेवर दहावीच्या क्लासला पाच वर्षं घालवायला लावू नका.

शरीराचा विषय तुमच्या टाइमटेबलमध्ये कुठेच नाही. टाळलात ना? सगळेच टाळतात. गुड टच बॅड टचचे तक्ते या मुलांना लागू पडत नाहीत, कारण यांची सगळी भाषाच स्पर्शाची आहे, दिवसभर दहा जणांचे हात लागतात. मग वेगळं काय शिकवायचं? एक, ओळखखूण दिल्याशिवाय हात लावणाऱ्याला ढकलायचं आणि ढकललं तर आपण रागवायचं नाही. दोन, 'नको' या खुणेला रोज किंमत आली पाहिजे, तो भाजी नको म्हणाला तर नको, कारण जेवणात ज्याचा नकार कोणी ऐकत नाही तो दुसरीकडे नकार देणारच नाही. तीन, कपडे काढायची जागा ठरलेली, एकच, आणि अंघोळीला मदत करणारी माणसं ठरलेली आणि कमी. मुलं स्वतःला हात लावतात, मुली पण, तो काही आजार नाही, मारू नका, फक्त जागा शिकवा, बाथरूमची वस्तूखूण, म्हणजे त्या जागेसाठी ठरवलेली वस्तू, हातात द्या आणि तिकडे न्या, दरवेळी, न चिडता. पाळीसाठी पाळी यायच्या आधी वर्षभर पॅड लावून फिरायची सवय.

आणि कोणीतरी आई दार लावून हळूच विचारेल की गर्भपिशवी काढून टाकली तर. मला दरवर्षी एक तरी विचारते. तिला वाईट समजू नका, ती दमलेली आणि घाबरलेली असते. पण उत्तर नाही हेच. १९९४ साली शिरूरच्या सरकारी वसतिगृहातल्या मतिमंद मुलींची गर्भाशयं पुण्यात काढली आणि देशभर गदारोळ झाला, तेव्हाची कारणं पण हीच होती, स्वच्छता आणि सुरक्षितता. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम १० प्रमाणे त्या व्यक्तीच्या स्वतःच्या मुक्त संमतीशिवाय वंध्यत्व येईल असा उपचार करता येत नाही. आणि सुरक्षिततेचं म्हणाल तर त्या ऑपरेशनने अत्याचार थांबत नाही, फक्त झालेला कळत नाही.

तब्येतीचं एक सांगून ठेवते कारण हे शिक्षकांना कोणी सांगत नाही. तुमच्या मुलांपैकी कोणाच्या आईला गरोदरपणात रुबेला झाला होता का ते बघा, आत्ताची ही मोठी मुलं २०१७ मध्ये गोवर-रुबेला लस सुरू व्हायच्या आधीची आहेत. अशा मुलांना पुढे मोठेपणी डायबेटिस, थायरॉइड, काचबिंदू होऊ शकतो. शांत मुलगा १६ व्या वर्षी अचानक डोळ्यावर बुक्क्या मारायला लागला की सगळे म्हणतात वयात आलाय, बिहेवियर आहे. आधी डोळ्याचं प्रेशर तपासा, शुगर आणि थायरॉइड करा, दात पण बघा. मी एकदा दोन महिने एका मुलीचा बिहेवियर चार्ट भरत बसले होते आणि निघाली किडलेली दाढ.

कागदपत्रांचं पटकन सांगते, १७ वं लागलं की सुरू करा. यूडीआयडी कार्डावर, म्हणजे सरकारी दिव्यांग ओळखपत्रावर, काय लिहिलंय ते आधी वाचा, निम्म्या मुलांच्या सर्टिफिकेटवर नुसतं कर्णबधिर असतं, ते बहुविकलांग आणि त्यात डेफब्लाइंड असं करून घ्या, नाहीतर पुढच्या सगळ्या खिडक्यांवर अडतं. १८ नंतर आईबाप आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत, नॅशनल ट्रस्टच्या १९९९ च्या कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या लोकल लेव्हल कमिटीकडे पालकत्वाचा अर्ज करावा लागतो. पण सरसकट पाचही जणांचा करू नका! तुमच्या त्या अशरवाल्या मुलाला त्याचे निर्णय कळतात, त्याला पालक नको, दुभाषा हवा. नॅशनल ट्रस्टचाच निरामय आरोग्य विमा, १ लाखापर्यंतचा, दरवर्षी रिन्यू करायला लागतो तो विसरतात. तहसीलमध्ये संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज. आणि आई किंवा वडील सरकारी नोकरीत असतील तर कमवू न शकणाऱ्या दिव्यांग मुलाला आजन्म फॅमिली पेन्शन मिळू शकते, त्याचं नाव कागदोपत्री आत्ताच लावून घ्या, वडील गेल्यावर धावपळ करणारी आई मी बघितलीये.

भावंडांशी वेगळं बोला, आईबाप समोर नसताना. 'आमच्यानंतर तूच' हे त्यांनी आठव्या वर्षापासून ऐकलेलं असतं आणि कोणी कधी विचारलेलं नसतं की तुला जमेल का. एका बहिणीने मला सांगितलं, मी त्याला सांभाळीन पण रोज नाही, रविवारी. मग रविवार तिचा लिहिला आणि बाकीच्या सहा दिवसांसाठी माणसं शोधली, तो प्लॅन अजून चालू आहे कारण त्यात खोटं काही नव्हतं. आईचं पण त्या मंगळवारच्या कागदावर लिहा. शाळा तिला रोजचे सहा तास देत होती, ते गेले की पहिली तिची नोकरी जाते किंवा कंबर. गावात एखादी बारावी झालेली मुलगी, थोड्या मानधनावर तीन तास, तिला तुम्ही शाळेतच सहा महिने तयार करा, आपल्याकडे सोबतीला असं प्रशिक्षित माणूस आयतं मिळत नाही, घडवावं लागतं.

तर जूनमध्ये वर्कशॉप उघडू नका. पहिले दोन महिने पाचही घरी एकेक मंगळवार पूर्ण राहून या, सकाळी सहाला पोचा, काही शिकवू नका, फक्त बघा आणि लिहा. संस्थेला सांगा हा प्रोग्रामचाच भाग आहे, प्रवासखर्च मागा. आणि जाताना हातात रोजचंच घड्याळ किंवा बांगडी घालून जा हां, सुट्टीचं म्हणून दुसरं काही घातलंत तर दारात तो तुम्हाला ओळखणार नाही.